झांझिबार : 'हाफ डे'त उरकू नका

'हबारी?' झांझिबारमध्ये भेटेल तो हाच प्रश्न टाकतो. म्हणजे आपलंच, 'काय खबर?' हे एकदा डोक्यात घुसलं की स्वाहिली भाषा जाम ओळखीची वाटायला लागते. 'दुका' म्हणजे दुकान, 'पेसा' म्हणजे पैसे, 'गारी' म्हणजे गाडी, 'साबुनी' म्हणजे साबण, 'लाकी' म्हणजे लाख. चपातीला तर चक्क चपातीच म्हणतात! आणि बंदराला 'बंदारी'. सगळी भानगड या शेवटच्या शब्दात आहे. शेकडो वर्षं शिडाची जहाजं हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यांवर इथे यायची आणि नैऋत्य वारे सुटले की कच्छ-मुंबईकडे परत फिरायची. मालाबरोबर शब्दही जायचे-यायचे.

आपल्याकडच्या टूरवाल्यांना मात्र झांझिबार म्हणजे हनिमून. पाच रात्री बीच रिसॉर्ट, पांढरी वाळू, हिरवंनिळं पाणी आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'हाफ डे स्टोन टाउन'. बीच मस्तच आहेत, वाद नाही. पण ज्या गावाला युनेस्कोने २००० साली जागतिक वारशात घेतलं, त्याला अर्धा दिवस? निदान दोन रात्री तरी गावातच काढा.

स्टोन टाउनच्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. नकाशा खिशात ठेवा आणि खुशाल हरवा. कुठूनही निघालात तरी थोड्या वेळात समुद्र लागतोच. नजर ठेवा दारांवर. कोरीव चौकटी आणि पितळेचे टोकदार खिळे. हे खिळे भारतीय पद्धतीचे, हत्तीने दाराला धडक देऊ नये म्हणून असायचे असं सांगतात. झांझिबारमध्ये हत्ती नाहीत. पण शेजाऱ्याच्या दाराला खिळे म्हटल्यावर आपल्याला नकोत का? सोसायटीतली मंडळी सगळीकडे सारखीच.

शांगानी भागात फ्रेडी मर्क्युरीचं म्युझियम आहे, २०१९ साली सुरू झालेलं. 'क्वीन'चा हा गायक मूळचा फारुख बुलसारा. जन्म १९४६, स्टोन टाउनमधला आणि शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स. पहिला बँडसुद्धा पाचगणीतच जमवलेला. म्हणजे स्ट्रॉबेरी खायला आपण दर वर्षी जातो तिथेच हे सुरू झालं, आणि आपल्यापैकी निम्म्यांना पत्ता नसतो.

समुद्रासमोर 'हाउस ऑफ वंडर्स' आहे. खरं तर 'होतं' आणि 'आहे' याच्या मधे कुठेतरी. सुलतान बरघशने १८८३ साली हा राजवाडा बांधला. हा बरघश गादीवर येण्याआधी बंड फसल्यामुळे दोनेक वर्षं मुंबईत हद्दपारीत राहिला होता. २५ डिसेंबर २०२० रोजी, दुरुस्तीचं काम चालू असतानाच, राजवाड्याचा मोठा भाग मनोऱ्यासकट कोसळला. दोन माणसं गेली. दर पावसाळ्यात जुन्या इमारती पडल्याच्या बातम्या वाचणाऱ्या मुंबईकराला वेगळं काही सांगायला नको.

आता त्या जागेबद्दल, जिच्यासाठी हा कॉलम लिहायला घेतला.

म्कुनाझिनी भागात अँग्लिकन चर्च आहे. ते उभं आहे गुलामांच्या बाजाराच्या जागेवर. आफ्रिकेच्या आतल्या भागातून साखळदंडात चालवत आणलेली माणसं, बायका, मुलं इथे विकली जायची. फटके मारायचा खांब जिथे होता असं सांगतात, तिथे आता वेदी आहे. बाहेर अंगणात एक खड्डा आणि त्यात पाच दगडी माणसं उभी, गळ्यात खऱ्या साखळ्या. तिथे सेल्फी काढणारेही असतात. तुम्ही काढू नका, प्लीज.

हा बाजार १८७३ साली बंद झाला. त्यासाठी सुलतानाशी बोलणी करायला ब्रिटिशांनी पाठवलं बार्टल फ्रिअरला. हा काही वर्षांपूर्वीच मुंबईचा गव्हर्नर होता. फोर्टचा कोट पाडला गेला तो याच्याच काळात. इथवर ऐकायला छान वाटतं. पुढचं तितकं नाही. त्या काळात झांझिबारची जकात वसूल करायचा मक्ता कित्येक दशकं जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता, आणि जकात हस्तिदंतावर होती, लवंगेवर होती, तशी माणसांवरही होती. आत जाणाऱ्या काफिल्यांना भांडवल पुरवणाऱ्यांत भारतीय सावकार होते. काहींच्या घरी गुलाम होते. १८६०च्या सुमारास ब्रिटिश कॉन्सल रिग्बीने ते सोडायला लावले. आणि तो हस्तिदंत यायचा मुंबईला, पश्चिम भारतातल्या नवरीच्या हातातला चुडा व्हायला. गाइड 'अरब व्यापारी' म्हणून पुढे सरकला, तर त्याला थांबवून विचारा. आपण पाहुणे म्हणून तो भिडेखातर बोलत नाही, एवढंच.

याच गोष्टीचं दुसरं टोक नाशिकला आहे. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली काही मुलं मुंबईला आणली गेली आणि त्यातली कित्येक नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. शरणपूर रोडवर कॉफी प्यायला जाणाऱ्यांनो, हेच ते शरणपूर. तिथे शिकलेला जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीला गेलेल्या तुकडीत होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याचं हृदय एका झाडाखाली पुरून वेनराइटने प्रार्थना म्हटली. मग त्याने आणि सोबत्यांनी तो देह दीड हजार किलोमीटरहून जास्त चालत किनाऱ्यावर आणला, तिथून झांझिबारला. १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत तो पुरला, तेव्हा शवपेटीजवळ हा नाशिकचा विद्यार्थी होता. या चर्चमधला लाकडी क्रॉस त्याच झाडाच्या लाकडाचा. मी त्याच्यासमोर बराच वेळ बसले होते. पाचगणीच्या फ्रेडीचं म्युझियम आहे, नाशिकच्या जेकबचं इथे साधं नावही कुणी घेत नाही.

बेटांचं आता पटपट. चांगू, म्हणजे 'प्रिझन आयलंड', बोटीने अर्ध्या तासाच्या आत. तुरुंग बांधला खरा, पण कैदी कधी आलेच नाहीत. नंतर जहाजांवरच्या आजाऱ्यांना वेगळं ठेवायला तो वापरला. आता तिथले मालक म्हणजे अजस्र कासवं. १९१९ साली सेशेल्सहून चार भेट आली, त्यांचा हा गोतावळा. पाला भरवा, पाठीवर बसायचा आचरटपणा नको. 'नाकुपेंडा' ही नुसती वाळूची पट्टी, भरती आली की गायब; नावाचा अर्थ 'माझं तुझ्यावर प्रेम आहे', हनिमूनवाल्यांनी नोंद घ्यावी. बजेट असेल तर चुंबे. १९९०च्या दशकापासून राखलेलं प्रवाळ, माणसं मोजकीच सोडतात, पाणी पावसाचं साठवलेलं. महाग आहे, पण माझं मत विचाराल तर रिसॉर्टची एक रात्र कमी करून हे करा.

संध्याकाळी फोरोधानी बागेत. गॅसबत्त्यांच्या उजेडात कबाब, उसाचा रस आणि 'झांझिबार पिझ्झा', जो पिझ्झा नसून आपल्या मुघलाई पराठ्याचा चुलतभाऊ आहे. व्हेज मंडळींनी 'उरोजो' शोधावा : आंबटसर आमटीत भजी, बटाटा, वरून चिवड्यासारखं कुरकुरीत. मांस घालू नका, एवढं मात्र आधी सांगा. गाव मुस्लिम आहे, गल्ल्यांतून फिरताना खांदे-गुडघे झाकलेले असू द्या. मार्च ते मे मुसळधार पाऊस, तेव्हा नको. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना सरकारी प्रवास विमा सक्तीचा झालाय, ४४ डॉलर. विम्याला स्वाहिलीत काय म्हणतात? 'बिमा'.