झाड पडते, अंधार कोणाच्या घरी?

वळवाचे पहिले वादळ झाले की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात वीज जाते, आणि कारण विचारले तर ठरलेले उत्तर मिळते : झाड पडले. उत्तर खोटे नसते. हिरडा, जांभूळ, ऐन यांच्या दाटीतून उघड्या तारा गेलेल्या असल्या की एक फांदी मोडली तरी तिच्यापुढच्या वाड्या अंधारात बुडतात. पण झाड दरवर्षी पडणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याने झाडालाच आरोपी करून मोकळे व्हावे हे न्यायाला धरून नाही.

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाचा तडाखा या तालुक्यांनाही बसला. खांब आडवे झाले, छपरे उडाली, हिरड्याची झाडे उन्मळली. हिरडा म्हणजे इथल्या महादेव कोळी कुटुंबांच्या हाती रोख पैसा देणारे झाड. ते पडले तेव्हा दिवाही गेला आणि उत्पन्नही गेले. त्या नुकसानीच्या भरपाईसाठी आदिवासींना पुढे वर्षानुवर्षे झगडावे लागले. तेव्हा ‘तारांच्या आड येणारी झाडे तोडून टाका’ हा शहरी उपाय इथे चालणार नाही. फांद्या छाटणे निराळे, झाड तोडणे निराळे.

अंधार सर्वांना सारखा असतो, हाही एक भ्रम आहे. ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे त्याला वीज गेल्याचे उशिरा कळते. गिरणी बंद, नळपाणी योजनेचा पंप बंद, मोबाईल मुका, हे भोग उरलेल्यांचे. शिवाय हा बिबट्यांचा मुलूख. दाराबाहेरचा एक दिवा असणे वा नसणे याचा अर्थ उसाच्या कडेला राहणाऱ्या मजुराला समजावून सांगावा लागत नाही. ऐपतदार माणूस आपल्यापुरती सोय विकत घेतो, आणि तक्रारीच्या रांगेतला ज्याचा आवाज ऐकला गेला असता तोच कमी होतो. सार्वजनिक सेवा खालावतात त्या बहुधा अशाच.

१९४८ च्या कायद्याने राज्य वीज मंडळांची वाट मोकळी केली, ती खाजगी कंपन्यांना न परवडणाऱ्या खेड्यांतही वीज जावी म्हणून. २००५ साली महाराष्ट्राच्या मंडळाचे विभाजन होऊन कंपन्या झाल्या. मालकी सरकारचीच राहिली, हिशेबाची भाषा मात्र बदलली. मैलोगणती तार आणि तिच्या टोकाला दहा-वीस घरे, हा मामला कोणत्याही ताळेबंदात तोट्याचाच दिसणार. मग तिथली देखभाल मागे पडते, आणि भर पावसात खांबावर चढण्याचे जोखमीचे काम कंत्राटी कामगाराच्या वाट्याला येते. गावकऱ्यांचा राग निघतो तोही त्याच्यावरच! वीज ग्राहक आणि वीज कामगार यांना एकमेकांसमोर उभे करणारी ही व्यवस्था कार्यकर्त्यांनी ओळखली पाहिजे.

कायदा अगदीच मुका नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या ६८ व्या कलमानुसार तारांना अडथळा ठरणारे झाड दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने हटवता येते, आणि तार येण्याआधीपासून उभ्या असलेल्या झाडासाठी वाजवी भरपाईही देता येते. ही दुसरी तरतूद वाडी-वस्तीवर कितीजणांना माहीत आहे? राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत ठरल्या मुदतीत पुरवठा सुरळीत झाला नाही तर ग्राहकाला भरपाई आहे. परंतु वादळ-पुरासारख्या आपत्तींना त्यातून सूट आहे. वाद इथेच घालायला हवा. चक्रीवादळ ही आपत्ती खरी, पण दरसालचा नेमाने येणारा पाऊस आपत्ती कसा? मे महिन्यात न छाटलेली फांदी जूनमध्ये तारेवर पडली, तर तो दोष वाऱ्याचा मानायचा काय?

त्यासाठी पुरावा लागतो. वीज कोणत्या दिवशी, किती वाजता गेली, कोणत्या ठिकाणी झाड पडले आणि पुरवठा केव्हा आला, याची वही प्रत्येक वाडीत ठेवता येईल. दोन पावसाळ्यांच्या नोंदींतून तारेची त्याच त्या ठिकाणी तुटणारी जागा कागदावर येईल. तिथे छाटणी हवी, आवरण असलेली केबल हवी, की तार रानातून काढून रस्त्याकडेने न्यायला हवी, याचा ठराव एप्रिलमधल्या ग्रामसभेत व्हावा आणि त्याची पोच लेखी घ्यावी.