‘जाऊ नका’ हे सोपे उत्तर

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शुक्रवारी सायंकाळी, दवाखान्यात गर्दी असताना, आमच्या किकवी परिसरातील एक निवृत्त शिक्षक नेहमीच्या तपासणीसाठी आले. वय पंचाहत्तरच्या आसपास, हृदयाची ताकद थोडी कमी, जोडीला मधुमेह. पण औषधांवर प्रकृती स्थिर. निघताना त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, उद्या पुण्याला जाऊ का? अध्यापक विद्यालयातले आम्ही चौघे सदाशिव पेठेत एकाच्या घरी जमतोय. दोनच दिवस." मी मानही वर न करता म्हणालो, "कशाला दगदग करता, गुरुजी? फोनवर बोला की."

गुरुजी गेले नाहीत. ज्यांच्या घरी जमायचे होते, ते मित्र पुढच्या पावसाळ्यात वारले.

गुरुजींनी मला कधी दोष दिला नाही. "तुम्ही काळजीपोटीच सांगितलंत," एवढेच ते म्हणाले. परंतु त्या दिवशी त्यांना थांबवावे असे तपासणीत काहीही आढळले नव्हते. रक्तदाब ठीक होता, पायांवर सूज नव्हती, छाती स्वच्छ होती. माझा सल्ला त्यांच्या प्रकृतीकडे पाहून दिलेला नव्हता. बाहेर रांग होती आणि ‘जाऊ नका’ हे सर्वांत लवकर देता येणारे उत्तर होते. घरोघरी मुले-सुनाही हेच उत्तर देतात, तेही प्रेमापोटीच.

माणसांत मिसळण्याचा प्रकृतीशी असलेला संबंध आता वैद्यकशास्त्रही गांभीर्याने घेते. ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांतील व्यक्तींची संख्या तीन लाखांहून अधिक होती. ज्यांचे सामाजिक संबंध बळकट होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक दिसली. धडधाकट माणसालाच अधिक भेटीगाठी जमतात, हेही खरे. त्यामुळे या आकड्याला औषधाचा गुण समजू नये. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या विषयासाठी स्वतंत्र आयोग नेमला, यावरून एकटेपणाचा प्रश्न किती मोठा मानला जातो ते ध्यानात येईल.

यंदा गुरुजींना पुन्हा निमंत्रण आले. चौघांपैकी आता तिघे उरले होते. या वेळी मी त्यांना नीट तपासले, काकूंनाही आत बोलावले आणि कागद पुढे ओढला.

पहिलाच प्रश्न विचारला, तेव्हा धोक्याची गोष्ट कळली. प्रवासात लघवीची अडचण नको म्हणून गुरुजी दोन दिवस ‘पाण्याची गोळी’ बंद ठेवणार होते! असे करणारे रुग्ण मला नेहमी भेटतात. हृदय कमजोर असलेल्या माणसाने ही गोळी परस्पर थांबवली, तर शरीरात पाणी साचते, पाय सुजतात आणि रात्री आडवे झाल्यावर दम लागतो. गोळी चुकवायची नसते; तिची वेळ थोडी बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारायचे असते. गुरुजींची गोळी प्रवासाच्या दिवशी मुक्कामी पोहोचल्यावर, पण दुपारपूर्वी घ्यायची ठरली. काही जण याच कारणासाठी पाणी पिणे सोडतात. डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर ते पाळावे. इतरांनी घोटघोट पाणी पीत राहावे.

दुसरा प्रश्न जेवणाचा. किकवी ते स्वारगेट हे अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच. पण शनिवार-रविवारी खेड शिवापूरच्या टोलनाक्याजवळ किंवा कात्रजच्या बोगद्याजवळ वाहने अडकली, की वेळेचा हिशेब चुकतो. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेतल्यावर जेवण लांबले, तर साखर एकदम उतरते. घाम येणे, हात थरथरणे, बोलण्यात गोंधळ होणे, ही तिची लक्षणे. म्हणून खिशात साखरेची पुडी व जवळ बिस्किटे असावीत. इन्सुलिन उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नये. आणि मित्राच्या घरी आग्रह झाला, तरी लोणचे, पापड, फरसाण यांना हात जोडावेत. मीठ वाढले की पाणी साचतेच.

औषधे दोनऐवजी तीन दिवसांची घ्यावीत आणि सामानाच्या पिशवीत न टाकता अंगाजवळ ठेवावीत. सोबत औषधांची चिठ्ठी आणि घरच्यांचा क्रमांक लिहिलेला कागद असावा. परक्या घरी रात्री बाथरूमकडे जाताना पडण्याचा धोका मोठा. झोपण्यापूर्वी वाट पाहून ठेवावी, दिवा लावून ठेवावा, पायात न घसरणारी चप्पल असावी. दिवसाला एकच कार्यक्रम ठरवावा आणि दुपारची झोप चुकवू नये. एसटीचा प्रवास पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. आधार कार्ड तेवढे विसरू नये.

‘नको’ केव्हा म्हणावे, हेही सांगतो. छातीत दुखत असेल, नव्याने दम लागू लागला असेल, पायांची सूज किंवा वजन दोन-तीन दिवसांत झपाट्याने वाढले असेल, ताप असेल किंवा महत्त्वाचे औषध नुकतेच बदलले असेल, तर बेत पुढे ढकलावा. वाटेत छातीत दुखू लागले किंवा दम लागला, तर ‘पोहोचल्यावर बघू’ म्हणू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शनिवारी सकाळी गुरुजी निघाले. हातात पाच किलो घरचा इंद्रायणी तांदूळ घेऊन. मुलगा स्वारगेटपर्यंत सोबत गेला आणि तेथून रिक्षात बसवून परतला. सोमवारी ते दवाखान्यात आले, तेव्हा वजन अर्धा किलोने वाढले होते, रक्तदाब पूर्वीइतकाच होता. तिघे मित्र गेलेल्या मित्राच्या घरी वहिनींना भेटायला गेले होते. "त्यांनी त्याच्या शाळेतल्या खोड्या विचारल्या," गुरुजी सांगू लागले, "त्यांना त्यातली एकही ठाऊक नव्हती. आम्ही दोन तास बसलो." मग थोडे थांबून म्हणाले, "तो असतानाच जायला हवं होतं." मी काही बोललो नाही.

काकू शेजारी बसल्या होत्या. गेली कित्येक वर्षे गोळ्यांचा डबा त्याच भरतात. ते दोन दिवस कसे गेले, असे विचारल्यावर त्या संकोचून हसल्या. "रात्रभर सलग झोपले, डॉक्टर. आणि भोरला माझी मैत्रीण आहे, तिला फोन केला. बोलावतेय."

मी कागद पुन्हा पुढे ओढला. या वेळी गोळ्यांचा डबा कसा भरायचा, ते गुरुजींना शिकवायचे होते.