हात गेला नाही, शाफ्ट बदलला

चष्म्याचा नंबर बदलला की पहिले दोन दिवस जिन्याची पायरी असते तिथे वाटत नाही, हा अनुभव चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना असेल. डोळ्यांना पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसत असते, तरी पाय अडखळतो. शेजाऱ्यांकडे कॅरम खेळायला गेलो आणि त्यांचा स्ट्रायकर आपल्यापेक्षा जड निघाला, तर पहिला बोर्ड असाच हातचा जातो. वस्तू चांगली असूनही काम बिघडते, ते का? आज याविषयी थोडे लिहायचे आहे. उदाहरण घेणार आहे ते पूल या खेळातल्या एका काठीचे. पूल न खेळणाऱ्या वाचकांनी लगेच पान उलटू नये. खेळाची माहिती ओघात येईलच, आणि शेवटी मामला घरातलाच निघेल.

बिलियर्ड्सच्या कुळातल्या खेळांशी आपले नाते तसे जुने आहे. स्नूकरचा जन्मच मुळी आपल्या देशातला, जबलपूरच्या लष्करी छावणीतला, १८७५ सालचा. जागतिक विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बिलियर्ड्सपटू विल्सन जोन्स हे पुण्याचे. १९५८ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये त्यांनी हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा जिंकली. पंकज अडवाणीही जन्माने पुण्याचा, वाढला मात्र बंगळुरूला. तरी हे खेळ बरीच वर्षे क्लब आणि जिमखान्यांच्या भिंतींआडच राहिले. पुढे गावोगावी पूल पार्लर निघाली आणि हा खेळ रस्त्यावर आला. स्नूकरपेक्षा टेबल लहान, बॉल मोठे आणि पॉकेटही ऐसपैस, त्यामुळे नवशिक्यालाही चार बॉल घालता येतात. आमच्या गावच्या पार्लरमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी मी हजर असतो. पूर्वी मला बघून विद्यार्थी मागच्या दाराने सटकायचे. आता ‘सर, एक गेम होऊन जाऊ दे की’ म्हणतात. प्रगतीच म्हणायची!

पूलच्या काठीला क्यू म्हणतात. तिचे दोन भाग असतात. हातात धरायचा जाड भाग म्हणजे बट आणि पुढचा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट. हे दोन्ही एकमेकांत फिरवून बसवतात. शाफ्ट साधारणपणे मेपलच्या लाकडाचा असतो आणि त्याच्या टोकाला चामड्याची टिप चिकटवलेली असते. या टिपने फक्त पांढरा बॉल मारायचा आणि त्याने दुसरा बॉल पॉकेटमध्ये घालायचा, एवढाच खेळ. पण खरी गंमत पुढे आहे. बॉल गेल्यावर पांढरा बॉल पुढच्या फटक्यासाठी सोयीच्या जागी येऊन थांबला पाहिजे. त्यासाठी त्याला फिरकी द्यावी लागते. पांढऱ्या बॉलच्या मधोमध न मारता थोडे डावीकडे किंवा उजवीकडे मारले की ही फिरकी मिळते. खेळाडू तिला ‘साइड’ म्हणतात.

इथे निसर्ग एक खोडी काढतो. तुम्ही बॉलच्या डाव्या अंगाला मारले तर बॉल क्यूच्या रेषेत न जाता किंचित उजवीकडे निसटतो. उजव्या अंगाला मारले तर डावीकडे. यालाच डिफ्लेक्शन म्हणतात. आकडा लहान वाटतो, पण परिणाम मोठा आहे. दिशा १ अंशाने चुकली तर १ मीटरवर बॉल सुमारे १७ मिलिमीटर बाजूला जातो. जुन्या पद्धतीच्या शाफ्टने भरपूर साइड दिली तर हे निसटणे २ अंशांच्या आसपास जाते. म्हणजे दीड मीटरवर पाच सेंटीमीटर, आणि पूलचा बॉलच मुळी ५७ मिलिमीटरचा!

हे होते कशाने? बिलियर्ड्सच्या गणितावर १८३५ मध्ये एक अख्खे पुस्तक लिहिले गेले, तेही कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने. भूगोलाच्या पुस्तकात वाऱ्यांची दिशा वळवणारे जे बल आपण शिकलो, त्याला ज्याचे नाव आहे तोच हा गृहस्थ. डिफ्लेक्शनचा उलगडा मात्र बऱ्याच नंतरचा. टिप आणि बॉल एकमेकांना फार तर सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा वेळ चिकटून असतात. तेवढ्यात बॉल फिरू लागतो आणि शाफ्टच्या टोकाला आपल्याबरोबर बाजूला ढकलतो. टोक जितके जड, तितके ते ढकलायला जोर जास्त लागतो, आणि तितकाच उलटा जोर बॉलला दुसऱ्या बाजूला सारतो. इतक्या थोड्या वेळात हा धक्का शाफ्टमध्ये फार मागे पोहोचत नाही. म्हणून पुढच्या वीतभर भागाचेच वजन काय ते महत्त्वाचे.

हे ध्यानात आल्यावर कारागिरांनी टोक हलके करायला घेतले. अमेरिकेतल्या प्रेडेटर कंपनीने १९९४ पासून असे शाफ्ट विकायला सुरुवात केली. लाकडाच्या दहा पाचरी चिकटवून तयार केलेला दांडा, टोकाला आतून पोकळ, आणि टिपखालची टोपी हलकी व आखूड. २०१६ मध्ये त्याच कंपनीचा कार्बन फायबरचा शाफ्ट आला, आणि आता तसे शाफ्ट अनेक जण बनवतात. यांना ‘लो डिफ्लेक्शन शाफ्ट’ म्हणतात. यात बॉलचे निसटणे पुष्कळ कमी होते, पण शून्य होत नाही. किंमत कित्येक हजारांत असते, त्यामुळे आपल्याकडे ते बहुधा परदेशातल्या मुलाच्या किंवा भाच्याच्या बॅगेतून येतात.

आमच्या तात्यांकडेही तो तसाच आला. तात्या बँकेतून निवृत्त झालेले. पंचवीस वर्षे एकाच लाकडी क्यूने खेळत आलेले, आणि पार्लरमधली पोरेसुद्धा त्यांचा हात बघायला थांबणारी. दिवाळीला अमेरिकेतल्या मुलाने त्यांना कार्बनचा शाफ्ट आणून दिला. तात्यांनी कौतुकाने सगळ्यांना दाखवला, आणि त्या दिवसापासून त्यांचे बॉल जाईनात. जे बॉल ते बोलता बोलता घालायचे तेच पॉकेटच्या कोपऱ्याला थडकून परत येऊ लागले. आठवडाभर हे चालले, आणि मग तात्या यायचेच बंद झाले.

मी घरी गेलो तेव्हा ते ओसरीत पेपर चाळत बसले होते. म्हणाले, “हात गेला ओ सर. बासष्टावं लागलंय, आता जायचाच की.” एवढ्यावर हसून सोडून देता आले असते. पण काकूंनी चहा ठेवता ठेवता हळूच सांगितले की तात्यांच्या थोरल्या भावाला कंपवात होता, आणि त्याची सुरुवात हातापासूनच झाली होती. तात्या रात्री उठून दिव्यापुढे हात धरून बघत बसायचे. अमेरिकेतल्या मुलाला यातले काही कळवायचे नाही, अशी काकूंना सक्त ताकीद होती.

डॉक्टरांना दाखवणे सगळ्यात आधी. तात्या दाखवून आले, आणि तसे काही नसल्याचे डॉक्टरांनी सांगितले. तरी त्यांचा विश्वास बसेना. डॉक्टरांना काय कळतंय पूलमधलं, असा त्यांचा सवाल.

मी मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला एक गोष्ट खटकत होती. त्या आठवड्यातले तात्यांचे चुकलेले फटके मी बघितले होते. डावी साइड दिली की त्यांचा पांढरा बॉल दर वेळी डावीकडे जास्त जायचा, उजवी दिली की उजवीकडे. आणि साइड न देता मधोमध मारलेले फटके? ते सगळे जात होते! हात थरथरत असता तर चुका चहूकडे विखुरल्या असत्या. मधोमधचा फटकाही कधी इकडे, कधी तिकडे गेला असता. एकाच बाजूला, एकाच मापाने चुकणारा हात हा निरोगी आणि शिस्तीचा हात असतो. त्याला शिकवलेले काम तो चोख करत असतो. फक्त ते काम आता लागत नसते.

पंचवीस वर्षांत तात्यांच्या हाताने जुन्या शाफ्टची खोड ओळखली होती. डावी साइड द्यायची म्हणजे बॉल उजवीकडे निसटणार, म्हणून नेम आधीच थोडा डावीकडे. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि आपण असे करतो हे त्यांनाही ठाऊक नव्हते. आता शाफ्टची खोड गेली होती. हाताची दुरुस्ती मात्र तशीच चालू राहिली होती.

वर्गात मी हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचे उदाहरण देतो. एकोणिसाव्या शतकात त्याने लोलकाच्या काचांचा चष्मा लावून पाहिला. अशा चष्म्यातून सगळे एका बाजूला सरकलेले दिसते, त्यामुळे वस्तूला हात लावायला गेले की हात बाजूला पडतो. काही वेळ प्रयत्न केल्यावर हात बरोबर जाऊ लागतो. मग चष्मा काढायचा. आता डोळ्यांना अगदी खरे दिसत असते, पण हात चुकतो, आणि तोही उलट बाजूला. आधीचे शिकलेले नव्याच्या आड येते, त्याला आमच्या पुस्तकांत ‘ऋण संक्रमण’ म्हणतात. तात्यांचे तेच झाले होते. नव्या शाफ्टने त्यांचा पंचवीस वर्षांचा चष्मा काढला होता.

मग आम्ही दोघांनी मिळून सराव आखला. माझ्याकडेही तोवर तसाच एक शाफ्ट आला होता, तेव्हा गरज दोघांची होती. पहिला आठवडा साइड बंद. पांढरा बॉल मधोमध मारायचा, समोरच्या कुशनला लावायचा आणि तो परत टिपवर आला पाहिजे. मधोमधच्या फटक्यात जुना-नवा शाफ्ट असा काही फरक पडत नाही, त्यामुळे हात शाबूत आहे याचा पुरावा रोज डोळ्यांपुढे मिळतो. तात्यांना औषध लागले ते हेच. तिसऱ्या दिवशी सलग काही बॉल टिपवर परत आले तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण चहा त्यांनी मागवला.

दुसऱ्या आठवड्यात थोडी साइड, अर्ध्या टिपएवढी. बॉल एकाच जागी ठेवायचे, अंतर तेच, वेग तोच, आणि पॉकेटपेक्षा पांढरा बॉल कुठे लागतो तिकडे लक्ष द्यायचे. चूक दिसल्याशिवाय हात शिकत नाही. मग हळूहळू साइड वाढवायची आणि अंतरही.

तिसरी गोष्ट वेगाची. क्यू कधीच पूर्ण आडवा नसतो, मागून थोडा उचललेला असतो. त्यामुळे साइड दिलेला बॉल जाता जाता थोडा वळतो, आणि तो साइडच्याच बाजूला वळतो. फटका हळू आणि लांबचा असेल तर हे वळण जास्त. जुन्या शाफ्टमध्ये निसटणे एका बाजूला आणि वळणे दुसऱ्या बाजूला, असे दोन्ही बरेचसे फिटून जायचे. नव्या शाफ्टमध्ये निसटणे कमी झाल्याने वळण उघडे पडते. म्हणून हळू फटक्यात नेम कधी कधी पूर्वीच्या नेमके उलट बाजूला धरावा लागतो. हे पचायला तात्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि मलाही.

काही जण नेम आधी मधोमध धरतात आणि मग मागचा हात सरकवून साइड देतात. तात्यांची पद्धत तीच. त्यात पुढचा टेकवलेला हात टिपपासून किती अंतरावर आहे यावर दुरुस्तीचे माप ठरते. हलक्या टोकाच्या शाफ्टला हे अंतर जास्त लागते. तात्यांनी पुढचा हात चार बोटे मागे घेतला आणि निम्मे दुखणे तिथेच बरे झाले.

एक पथ्य मात्र कडक होते. जुना शाफ्ट कपाटात, आणि किल्ली काकूंकडे. दोन्ही शाफ्ट पुढेमागे वापरता येतात, हाताला दोन हिशेब ठेवता येतात. पण नवा हिशेब पक्का होईपर्यंत रोज अदलाबदल केली तर दोन्ही बिघडतात. सहा आठवडे आम्ही हे पाळले.

आता तात्या परत रोज येतात. पोरांकडून हरतातही, पूर्वीही हरायचे. परवा लांबच्या कुशनवरून भरपूर साइड देऊन त्यांनी एक बॉल घातला आणि म्हणाले, “काय सर, हात आहे म्हणायचा की अजून.” मुलालाही त्यांनी त्याच रात्री फोन केला. शाफ्ट चांगला आहे म्हणाले. बाकीचे मुलाला अजून माहीत नाही.

नवा शाफ्ट घ्यायलाच हवा, असे मी कोणाला सांगणार नाही. जुन्या लाकडी क्यूने उत्तम खेळणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या हाताचा हिशेब जमलेला आहे. पण घरोघरी नव्या वस्तू येतच असतात. नवी शेगडी येते आणि आजीचे दूध उतू जाते. नवा मोबाइल येतो आणि वडिलांकडून भलत्यालाच फोन लागतो. लगेच कोणीतरी म्हणते, “आता वय झालं.” ऐकणाऱ्यालाही ते खरे वाटू लागते, आणि तो हळूच ते काम सोडून देतो. वयाने काही गोष्टी जातात हे खरेच आहे, आणि शंका असेल तिथे डॉक्टरांकडे जायला लाजू नये. पण निकाल देण्यापूर्वी चूक नीट बघावी. ती चहूकडे विखुरलेली आहे, की दर वेळी एकाच बाजूला जाते? एकाच बाजूला जात असेल तर त्या माणसाला सहा आठवडे द्यावेत, आणि तोवर जुनी वस्तू कपाटात ठेवावी.