दुर्मीळ नाण्याचा लिलाव : किंमत कळली, ठिकाण हरवले

#थ्रेड

१/
एखादे दुर्मीळ नाणे विक्रमी बोलीला गेले की इतिहासप्रेमींमध्ये आनंदाची लाट उसळते. लिलावाच्या आकड्याचे चित्र सर्वत्र फिरते आणि ‘आपल्या इतिहासाला अखेर मोल मिळाले’ अशा प्रतिक्रिया उमटतात. हा आनंद अस्थानी आहे. लिलावात मोल होते ते धातूचे, दुर्मीळतेचे आणि हौसेचे. इतिहासाचे मोल ज्यात असते, ती गोष्ट बहुधा त्याआधीच नष्ट झालेली असते.

२/
ती गोष्ट म्हणजे नाणे कोठे, कशासोबत आणि किती संख्येने सापडले याची नोंद. सुटे नाणे फार तर राजाचे नाव सांगते. त्या राजाचे राज्य कसे वाढले, कसे बुडाले आणि त्याचा पैसा कोणी वापरला, हे सांगतो तो संपूर्ण नाणेसाठा. याचे सर्वोत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

३/
१९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. संख्या सुमारे १३,२५०. नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूस राजाचे मुख व ग्रीक लिपीतील अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. पण त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता.

४/
म्हणजे दर दहांपैकी सात नाण्यांवर जेत्याची मोहोर. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात तिच्या पुत्राने क्षहरात वंश निःशेष केल्याचा गौरव येतो. आईने केलेली मुलाची स्तुती म्हणून कोणी तो गौरव बाजूला सारू शकला असता. जोगळटेंभीच्या साठ्याने तो पर्याय ठेवला नाही. लेखाला नाण्यांची साक्ष मिळाली.

५/
ही साक्ष देता आली, कारण रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांना हा साठा एकत्र तपासता आला. नाणी मोजली गेली, ठसा असलेली व नसलेली वेगळी केली गेली. नहपानाच्या मुद्रेवरील चेहरा नाण्यागणिक बदलतो, हेही त्यातूनच लक्षात आले. असे प्रश्न हजारो नाणी शेजारी शेजारी ठेवल्यावरच सुचतात.

६/
आता हाच साठा आज गुपचूप निघाला अशी कल्पना करावी. चांगली नाणी निवडली जातील, झिजलेली मुशीत जातील आणि उरलेली वर्षानुवर्षे वेगवेगळ्या लिलावांत एकेक करून विकली जातील. सूचीत लिहिलेले असेल : ‘नहपान, गौतमीपुत्राचा ठसा, चांदी, वजन अमुक, अवस्था उत्तम, दुर्मीळ.’ प्रत्येक शब्द खरा असेल. पण दहांपैकी सात हे प्रमाण पुन्हा कधीच कळणार नाही.

७/
लिलावगृहाचा व्यवहार साधा आहे. विकणारा नाणे सोपवतो, छायाचित्र निघते, राखीव किंमत ठरते, हातोडा पडतो. गृह विकणाऱ्याकडून दलाली घेते आणि बहुतेक ठिकाणी घेणाऱ्याकडूनही अधिभार घेते. दोन्हीकडून कमावणाऱ्याने ‘हे आले कोठून?’ हा एक प्रश्न कसून विचारावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

८/
हा प्रश्न न विचारल्याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. सीझरच्या हत्येनंतर ब्रूटसने इ. स. पू. ४२ मध्ये नाणी पाडली : एका बाजूस स्वतःचे मुख, दुसऱ्या बाजूस दोन खंजीर, मधोमध मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली १५ मार्चचा उल्लेख. त्यांपैकी सोन्याची अगदी मोजकीच उरली आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या एका लिलावगृहाने असे एक नाणे अधिभारासह ३२ लाख ४० हजार पौंडांना विकले.

९/
सूचीत त्या नाण्याची जुनी, प्रतिष्ठित मालकी-परंपरा छापलेली होती. ती बनावट निघाली. २०२३ च्या आरंभी लिलावगृहाच्या मालकाला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली, पुढे त्याने गुन्हा कबूल केला. नाणे मार्च २०२३ मध्ये ग्रीसला परत गेले. पण ते नेमके कोणत्या जागी, कशासोबत पुरलेले होते? ते उत्तर कोणत्याही न्यायालयाला परत करता येत नाही.

१०/
यावर संग्राहकांचा आक्षेप ठरलेला असतो : ‘आम्ही नसतो तर ही नाणी सोनाराच्या भट्टीत गेली असती. संग्रहालये ती कुलुपात ठेवतात. लिलावाच्या सूचीत निदान छायाचित्र तरी छापले जाते.’ या आक्षेपात तथ्य आहे. नाणकशास्त्राचा मोठा भाग हौशी संग्राहकांनीच उभा केला. परंतु भट्टीतून वाचवलेल्या नाण्याचे गाव का लपवावे, याचे उत्तर त्यात नाही.

११/
ते उत्तर कायद्यात आहे. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम सांगतो : दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे, न कळवल्यास शिक्षा. आणि शासनाला निधी घ्यायचा असेल तर कलम १६ नुसार मोबदला किती? धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा.

१२/
नहपानाचे नाणे भरते सुमारे दोन ग्रॅम. दोन ग्रॅम चांदीचा भाव काढावा, त्यात वीस टक्के मिळवावेत. नांगराच्या फाळाला लागलेले मडके घेऊन तहसील कार्यालयात जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती प्रत्येक नाण्यामागे एवढेच पडणार. गुपचूप विकणाऱ्याला त्याच्या कितीतरी पट मिळते. ज्या कायद्यात प्रामाणिकपणा हाच तोट्याचा सौदा ठरतो, तो कायदा पुराव्याचे रक्षण करूच शकत नाही.

१३/
हा कायदा इंग्रजांच्या राजवटीतला. त्याच ब्रिटनने स्वतःच्या भूमीसाठी १९९६ मध्ये नवा कायदा केला. तेथे संग्रहालयाला निधी हवा असल्यास स्वतंत्र समिती बाजारभाव सुचवते आणि ती रक्कम सहसा शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटली जाते. त्याच्या जोडीला सुट्या वस्तूंची ठिकाणासह नोंद करणारी योजनाही आहे. तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या. भारतात मात्र १८७८ चे सूत्र चालूच राहिले.

१४/
१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष आहे. ते खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही आणि त्याच्या व्यापाराला परवाना लागतो. म्हणजे देशातला लिलाव मुळातच बेकायदा नाही. बंदीची मागणीही व्यर्थ आहे. बंदीने बाजार संपत नाही, फक्त अंधारात जातो. मागणी नोंदीची असली पाहिजे.

१५/
ती मागणी तीन कलमांत मांडता येते. एक : निखात निधीला बाजारभावाने मोबदला. दोन : लिलावाच्या प्रत्येक सूचीत आधीचा मालक आणि सापडल्याचे ठिकाण, माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असे स्पष्ट छापणे. तीन : एकत्र सापडलेला साठा फोडण्यापूर्वी त्याची मोजणी व छायाचित्रण.

१६/
घरच्या देव्हाऱ्यातील शिवराई विकू पाहणाऱ्या कुटुंबालाही हेच लागू. विकणे हा त्यांचा अधिकार आहे. पण ती कोणत्या गावाहून, कोणाच्या हातून, साधारण कोणत्या काळात घरात आली, हे आजीला विचारून कागदावर लिहावे आणि तो कागद नाण्यासोबत द्यावा. यासाठी पदवी लागत नाही, पैसाही लागत नाही.

१७/
आणि पुढच्या विक्रमी बोलीची बातमी आली की टाळ्यांच्या आधी एकच प्रश्न विचारला जावा : ‘सापडले कोठे?’ सूची गप्प असेल, तर ती बातमी इतिहासाच्या गौरवाची नव्हे. ती एका हरवलेल्या जोगळटेंभीची बातमी असू शकते.

(समाप्त)