कामाशिवाय मुंबई

शनिवार उजाडला की मुंबईची जोडपी मोटारी काढून आमच्या कर्जत-खालापुरात येतात. कोणी उल्हास नदीच्या काठी उतरते, कोणी माथेरानच्या पायथ्याशी. आमची माणसे त्यांच्याकडे कौतुकाने पाहतात. "दमलेली असतात बिचारी, दोन दिवस दोघंच राहू देत." पण हेच औदार्य कर्जतहून उलट्या दिशेने निघालेल्या जोडप्याच्या वाट्याला येत नाही, ही माझी तक्रार आहे.

घाट चढायला पुष्कळ गाड्यांना कर्जतला मागून जादा एंजिने जोडतात. आम्हाला मुंबईला जायला तशी मागून कामे लागतात. नोकरी, दवाखाना, लग्नाचा बस्ता. 'सहज, दोघेच' हे कारण कोणी कारणात धरीत नाही.

गेल्या मार्गशीर्षात लग्नाला तीस वर्षे झाली, म्हणून आम्ही एक रात्र मुंबईत काढायचे ठरवले. बातमी घरात फुटली मात्र! आई म्हणाली, "माझी बहीण दादरला असताना लॉजात? लोक काय म्हणतील?" भावजयीने मंगळदास मार्केटातून जुळता ब्लाउजपीस आणायला साडीचा तुकडा दिला. चिरंजीव म्हणाले, "त्यापेक्षा इथलाच एखादा रिसॉर्ट बुक करून देतो."

मावशीकडे उतरायला माझा सक्त विरोध आहे. मावशी वाईट नाही, फार चांगली आहे, तीच तर अडचण! तिच्याकडे गेले की ही पदर खोचून स्वयंपाकघरात शिरणार आणि मी बाहेरच्या खोलीत काकांच्या रक्तदाबाची चौकशी करीत बसणार. तीस वर्षे घरी हेच केले. त्यासाठी शंभर किलोमीटर कशाला जायचे?

खर्चाचे म्हणाल, तर जहांगीर कलादालनात तिकीट नाही आणि मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर कोणी भाडे मागत नाही. खोलीचे पैसे तेवढे खरे. पण वास्तुशांतीच्या पंगतीत ज्यांना कधी हात आखडता घ्यावासा वाटला नाही, त्यांनी हा हिशेब मला सांगू नये.

खोली मिळतानाही गंमत झाली. ओळखपत्र उलटसुलट करीत गल्ल्यावरचा तरुण म्हणाला, "कर्जतचे? लोकल असते की रात्री!" मी गोरामोरा झालो. ही शांतपणे म्हणाली, "नवरा आहे माझा. तीस वर्षं सांभाळलाय. आणखी काय दाखवू?" किल्ली मिळाली.

टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांसाठी सुरू झाले. आमच्या घाटातून उतरलेल्या पाण्याने मुंबईची यंत्रे फिरली. मग आम्ही दोघे एक संध्याकाळ तिथला दिव्यांचा झगमगाट पाहत बसलो, तर कोणाचे काय बिघडले? कठड्यावर ही चपला काढून बसली. तासभर आम्ही मुलांविषयी, गॅसच्या नंबराविषयी, आईच्या गुडघ्यांविषयी एक अक्षर बोललो नाही. मग कशाविषयी बोललो? ते दिवाळी अंकात छापायचे नाही.

भावजयीचा साडीचा तुकडा पर्समधून तसाच परत आला. यंदाही आम्ही जाणार आहोत. मावशीला अजून सांगितलेले नाही. पण हा अंक तिच्याकडे जातो.