शर्यतीचे सेकंद आणि गिऱ्हाइकाचा पैसा

कापडाच्या व्यापाऱ्याने मोटारगाड्यांवर का लिहावे, असे काही वाचक म्हणतील. कारण असे की माझ्या भाच्याचे नगरमध्ये गॅरेज आहे आणि दोन महिन्यांपूर्वी तो माझ्याकडे पैशासाठी आला. चाकांचे अलाइनमेंट करण्याचे मशीन घ्यावे म्हणून त्याने तीन वर्षे पैसे साठवले होते. आता त्याच पैशात, वर माझे थोडे घालून, त्याला एक जुनी दोन दारांची स्पोर्ट्स कार घ्यायची होती. गाडीत काय विशेष, असे विचारले तर म्हणाला, "मामू, या मॉडेलने जर्मनीच्या ट्रॅकवर आठ मिनिटांच्या आत फेरी मारली आहे. याच्यापेक्षा मोठे सर्टिफिकेट कोणते?"

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. शर्यतीच्या ट्रॅकवर एक फेरी मारायला किती वेळ लागला, यावरून गाडीची किंमत करावी काय?

आधी तो ट्रॅक कोणता ते सांगतो. जर्मनीत न्युर्बुर्गरिंग म्हणून जागा आहे. १९२७ मध्ये सुरू झालेला हा रस्ता डोंगर-जंगलातून जातो आणि एक फेरी जवळजवळ २१ किलोमीटरची भरते. फॉर्म्युला वनच्या शर्यती तेथे १९७६ साली निकी लाउडाच्या भीषण अपघातानंतर बंद झाल्या, पण कारखानदारांनी जागा सोडली नाही. जगातल्या अनेक मोठ्या कंपन्या तेथे गाड्या पळवतात आणि घड्याळातला आकडा जाहिरातीत छापतात. सात मिनिटांत फेरी म्हणजे ताशी सरासरी १७८ किलोमीटर, तीही वळणे आणि चढउतार धरून. २०२४ मध्ये मर्सिडीजच्या एएमजी वन या गाडीने ६ मिनिटे २९ सेकंदांची नोंद केली. मोबाइल विकणारी चीनची शाओमी कंपनी २०२५ मध्ये आपली विजेची गाडी घेऊन तेथे गेली आणि ७ मिनिटे ५ सेकंदांच्या आत आली.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. चादरीच्या पाकिटावर हल्ली धाग्यांची संख्या छापतात. एका चौरस इंचात ताण्याचे आणि बाण्याचे मिळून किती धागे, तो हा आकडा. आकडा खरा असतो आणि उपयोगाचाही असतो. पण काही कारखानदारांनी काय केले? दोन-तीन बारीक तंतू पिळून केलेला एक धागा, त्याचे तंतू वेगवेगळे मोजले आणि दोनशेचा आकडा सहाशेवर नेला. चादर होती तीच राहिली. गिऱ्हाईक आकडा बघून पैसे देऊन गेले. ज्या दिवशी एखादा आकडा माल विकू लागतो, त्या दिवसापासून कारखान्यात मालापेक्षा आकड्यावर जास्त मेहनत होऊ लागते. मी हे तीस वर्षे पाहिले आहे.

गाड्यांच्या बाबतीत वेगळे नाही. २००८ मध्ये निसानने सांगितले की त्यांच्या जीटी-आर गाडीने न्युर्बुर्गरिंगची फेरी ७ मिनिटे २९ सेकंदांत मारली. पोर्शला शंका आली. त्यांनी बाजारातून तीच गाडी विकत घेतली, आपला चालक बसवला आणि ७ मिनिटे ५४ सेकंद काढले. पंचवीस सेकंदांचा फरक! निसानने कोणतीही लबाडी नाकारली. खरे-खोटे कोणाचे यात मला पडायचे नाही. मला एवढेच दिसते की गाडीचे नाव एकच असले तरी टायर, चालक, हवा आणि त्या दिवसाची सडक बदलली की आकडा बदलतो.

आणखी एक गंमत ऐका, कापडवाल्यांना ती लगेच समजेल. ही फेरी मोजण्याचे दोन गज होते. जुन्या पद्धतीत थोडा तुकडा सोडून २०.६ किलोमीटर मोजत, २०१९ पासून अधिकृत नोंद पूर्ण २०.८३२ किलोमीटरची. २०२१ मध्ये पोर्शच्या एका गाडीने पूर्ण फेरी ६ मिनिटे ४३.३ सेकंदांत मारली. तीच फेरी जुन्या मापाने ६ मिनिटे ३८.८ सेकंद झाली. गाडी तीच, चालक तोच आणि दिवसही तोच. गजाने मोजलेला ठाण आणि मीटरने मोजलेला ठाण यांचा भाव एकाच ओळीत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याला आपण काय म्हणतो?

हे सारे आपल्याकडच्या लोकांना नवे नाही. वीस-बावीस वर्षांचा असताना मी वडिलांबरोबर कापडाचे गठ्ठे घेऊन पारनेर, निघोज, अळकुटीच्या आठवडे बाजारांना जात असे. त्या पट्ट्यात आणि पलीकडे जुन्नर, खेड, आंबेगावला बैलगाड्यांची शर्यत घाटात होते. एक एक बारी सुटते आणि घड्याळावर सेकंद मोजतात. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. बंदी उठल्यावर शर्यतीच्या बैलांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या. पण तेथला जाणकार शेतकरी कधी नुसता सेकंद विचारत नाही. तो विचारतो, कोणत्या घाटात? प्रत्येक घाटाची लांबी वेगळी, चढ वेगळा, माती वेगळी. एका घाटातले बारा सेकंद दुसऱ्या घाटातल्या बारा सेकंदांशी जुळत नाहीत. आणि नांगराला बैल हवा असेल तर तो घाटाकडे फिरकतही नाही, बाजारात जाऊन खूर, दात आणि खांदा बघतो.

म्हणून सेकंद अगदी फुकट, असे मात्र मी म्हणणार नाही. भाच्याशी माझा वाद झाला तेव्हा त्याने एक गोष्ट बरोबर सांगितली आणि ती मला मान्य करावी लागली. कंपनी इंजिनची ताकद कागदावर कितीही लिहो, कागदावर ब्रेक तापत नाहीत. ट्रॅकवर तापतात. एक लांब फेरी पूर्ण वेगाने मारायची तर इंजिन, गिअर, ब्रेक, टायर, स्प्रिंग, इंजिन थंड ठेवण्याची सोय, सगळ्यांनी एकदम काम करावे लागते. यातले एक जरी कच्चे असेल तरी घड्याळ ते दाखवते. शून्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत, या आकड्यापेक्षा फेरीचा वेळ जास्त बोलतो. आणि तुलना सरळ असेल तर तो कामाचाही आहे. इंग्लंडच्या बीबीसीवर 'टॉप गिअर' कार्यक्रमात एका जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर आपलाच चालक बसवून गाड्या पळवत, आणि रस्ता ओला असेल तर पाटीवर तसे लिहीत. तसे केले तर दोन गाड्यांमध्ये कोण पुढे हे समजते. दोन्ही गाड्यांना एकाच दुकानदाराने एकाच मीटरपट्टीने मोजले, एवढी खात्री पाहिजे.

पण आपण गाडी घेणार कोठे चालवायला? समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यात कोपरगाव-शिर्डीवरून जातो, त्यावर मोटारीला ताशी १२० ची मर्यादा. नगर-मनमाड रस्त्याचे मी काय वर्णन करू, ज्यांनी पाहिला आहे त्यांना माहीत आहे. ट्रॅकसाठी गाडी जमिनीला जितकी टेकवावी तितकी ती वळणावर घट्ट बसते, आणि तितकीच आपल्या गल्लीतल्या स्पीड ब्रेकरवर घासते. ट्रॅकवर चालणारे मऊ रबराचे टायर सेकंद वाचवतात, पण लवकर झिजतात आणि साचलेल्या पाण्यावर त्यांची पकड सुटते.

आपल्या शहराचे एक आश्चर्य वाटते. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण वाहनांशी आपले नाते त्याच्या किती तरी आधीचे. वाहननगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था आहे. मोटार वाहन नियमांतील १२६ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे नव्या गाडीचा नमुना विक्रीपूर्वी ज्या सरकारमान्य संस्थांकडे तपासावा लागतो, त्यांत पुण्याच्या एआरएआयबरोबर हिचेही नाव आहे. तेथे ब्रेक, दिवे, धूर, आवाज तपासतात. फेरीला किती वेळ लागला, हे नियमात कोठेही विचारलेले नाही. २०२३ च्या ऑक्टोबरपासून भारत एनकॅप सुरू झाले, त्यात ताशी ६४ किलोमीटरने गाडी आदळवून आतल्या माणसाचे काय होते ते बघतात. बायको-मुले घेऊन जाणाऱ्याने आधी तो आकडा विचारावा.

अर्थात तपासणीचा कागद म्हणजेही अंतिम शब्द नव्हे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण उघडे पडले. तपासणी चालू आहे हे ओळखून धूर कमी करणारे सॉफ्टवेअर गाडीत बसवले होते. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या, आणि भारतात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवायची पाळी आली.

शाओमीचेच पुढे ऐका. २०२५ च्या मे महिन्यात त्यांनी आपल्या सर्वात जोरदार गाडीत असे सॉफ्टवेअर पाठवले की मालकाने ट्रॅकवर ठरलेल्या वेळेत फेरी मारून दाखवल्याशिवाय पूर्ण ताकद मिळणार नाही. लोकांनी ताकदीचे पूर्ण पैसे मोजले होते. ओरड झाली आणि कंपनीने माघार घेतली. मला वाटते, हेतू वाईट नव्हता. ज्याच्या आकड्यावर गाडी विकली, तो आकडा गिऱ्हाइकाच्या हातात देताना कंपनीलाच भीती वाटली.

मी भाच्याला म्हटले, पैसे देतो, पण आधी गाडी माझ्यासमोर तपास, मी ठाण उलगडून बघतो तसे. एका रविवारी सकाळी विकणाऱ्याला बरोबर घेऊन आम्ही इमामपूर घाटात गेलो. चढताना गाडी अशी निघाली की माझा हात आपोआप वरच्या कडीकडे गेला. मुलगा खूश. उतरताना चार-पाच वळणांनंतर त्याने पाय दाबला आणि चेहरा बदलला. पेडल मऊ पडले होते. जेऊरला चहासाठी थांबलो तेव्हा त्याने टायरवर वाकून चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर नऊ वर्षांचे निघाले. रबर नखाला लागत नव्हते. ब्रेकच्या चकत्यांचा भाव त्याने पुण्याला फोन करून विचारला आणि बराच वेळ फोन हातात धरून बसला.

जर्मनीत आठ मिनिटांच्या आत आली ती नवी गाडी, नवे टायर आणि कारखान्याचा चालक. जेऊरला आमच्यासमोर उभी होती ती दुसरीच.

विकणाऱ्याने नंतर भाव सव्वा लाखाने उतरवला आहे. भाच्याने कळवले आहे की चकत्या आणि टायर नवे घालून, परत घाट उतरून दाखवशील तर बोलू. दरम्यान मशीनसाठी त्याने पन्नास हजार ॲडव्हान्स भरला. उरलेले पैसे माझ्याकडे ठेवले आहेत. गाडीचा विषय निघाला की मात्र अजून तो मला त्या आठ मिनिटांबद्दल सांगतो.

(माझे शिक्षण उर्दू शाळेतले, भाषेची चूकभूल द्यावी घ्यावी.)