कचेरीची भिंत

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाशिकच्या पेठांमध्ये होणारे वहीपूजन ही व्यापाऱ्याची खासगी धर्मक्रिया आहे, कारण वही त्याची, दुकान त्याचे आणि पहिल्या पानावर काढलेला ‘श्री’ही त्याच्याच श्रद्धेचा असतो. तलाठी कार्यालयातील सातबाऱ्याचे दप्तर असे कोणा एकाचे नसते. ज्या भिंतीखाली ते ठेवलेले असते ती भिंतही कोणा एकाची नसते. तरीही राज्यातील असंख्य कचेऱ्यांत संगणकाच्या वर एक छोटी फळी दिसते, तिच्यावर देवाची तसबीर, सुकलेला हार आणि उदबत्तीची राख असते, आणि तिच्यासमोर उताऱ्यासाठी उभ्या असलेल्या माणसाचा धर्म कोणता, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. अशा तसबिरी शासकीय कार्यालयांतून आणि शाळांतून काढाव्यात, असे सांगणारे परिपत्रक २०१७च्या जानेवारीत निघाले आणि विरोध होताच ते मागे घेतले गेले.

या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा निर्णय नाशिकमधून गेलेल्या प्रकरणात झाला, याची आठवण शहराला फारशी राहिलेली नाही. येथील एका अनुदानित माध्यमिक शाळेतील, म्हणजे शासनाच्या पैशावर वेतन होणाऱ्या खासगी शाळेतील, एका शिक्षकाने परिपाठाच्या वेळी प्रार्थनेला हात जोडण्यास नकार दिला. ही बेशिस्त ठरवून त्याची वरची वेतनश्रेणी अडवण्यात आली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. प्रार्थनेला हात जोडण्याची सक्ती करणे हा मूलभूत हक्कांचा भंग आहे, असा निर्णय न्यायालयाने २०१३मध्ये दिला. या निर्णयाने प्रार्थना बंद झाली नाही आणि कोणाची श्रद्धाही दुखावली गेली नाही. हात जोडणे हे जोडणाऱ्याच्या इच्छेवर राहिले, एवढेच झाले. ज्या नमस्कारामागे पगाराची भीती आहे तो नमस्कार देवापर्यंत पोहोचतो, असे कोणताही खरा भाविक म्हणणार नाही.

घटनाकारांपुढे हा प्रश्न स्पष्टपणे आला होता. उद्देशिकेची, म्हणजे घटनेच्या आरंभीच्या संकल्पवचनाची, सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी, अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत मांडली आणि ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. विरोध करणाऱ्यांत हृदयनाथ कुंझरू यांच्यासारखे सदस्य होते, आणि श्रद्धेसारखी बाब बहुमताने कोणावर लादू नये, हा त्या विरोधाचा गाभा होता. त्याच घटनेने पदाची शपथ घेणाऱ्याला ‘ईश्वरसाक्ष’ शपथेचा किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथनाचा पर्याय दिला. म्हणजे ईश्वराचे नाव घेण्याचा हक्क व्यक्तीकडे राहिला, राज्याने ते सर्वांच्या वतीने घेतले नाही.

यावर नेहमी एक प्रतिवाद केला जातो की, घटनेच्या मूळ हस्तलिखित प्रतीत मूलभूत हक्कांच्या भागाच्या आरंभी राम, सीता आणि लक्ष्मण यांचे चित्र आहे. पंचवटीच्या गावात हा प्रतिवाद मनाला भिडतो आणि तो खराही आहे. पण नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सजवलेल्या त्याच प्रतीत बुद्ध, महावीर, अकबर, शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग हेही आहेत, आणि ती चित्रमालिका या भूमीचा इतिहास सांगते, कोणाला पूजेचा आदेश देत नाही. संग्रहालयातील मूर्ती आणि कचेरीत हार घातलेली तसबीर यांत हाच फरक आहे.

ग्रंथवचनांच्या बाबतीत हा फरक अधिक काटेकोरपणे पाळावा लागतो. अमेरिकेच्या लुइझियाना राज्याने २०२४मध्ये प्रत्येक सार्वजनिक शाळेच्या वर्गात बायबलमधील दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक व गीतेच्या पाठांतराची सूचना आली. रामदासांनी ज्या टाकळीत बारा वर्षे तप केले ती नाशिकलगतच आहे, आणि मनाचे श्लोक मराठी मुलांनी वाचावेत, समजून घ्यावेत, यात वावगे काहीच नाही. अभ्यास म्हणून वाचणे आणि उपासना म्हणून म्हणवून घेणे यांत मात्र अंतर आहे, आणि शाळेने ते ओळखलेच पाहिजे. त्याच मसुद्यात मूल्यशिक्षणाच्या प्रकरणारंभी मनुस्मृतीतील श्लोक होता. जो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला, त्यातील वचन, कितीही निरुपद्रवी असले तरी, शासनाच्या कागदावर वाचणाऱ्या दलित पालकाला काय वाटेल, हे मसुदा करणाऱ्यांच्या लक्षात न येणे ही गंभीर गोष्ट आहे.

नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात दलितांच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला सत्याग्रह काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्यांना देवळाचे दार बंद होते त्यांच्यासाठी शाळा, कचेरी आणि न्यायालय ही दारे तरी कोणत्याही धर्माच्या खुणेवाचून उघडी असणे हा हक्क होता, आणि आजही आहे. सिंहस्थासाठी शासन रस्ते, पाणी आणि घाट यांवर खर्च करते त्याला याने बाध येत नाही, कारण तो लाखोंच्या गर्दीच्या जिवाची काळजी घेण्याचा खर्च आहे.

घटनेच्या कलम २८नुसार शासनमान्य वा अनुदानित शाळेत अज्ञान विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करून घ्यायचे, तर पालकाची संमती लागते. ही तरतूद शाळांच्या रोजच्या व्यवहारात उतरायची, तर दर जूनमध्ये भरल्या जाणाऱ्या प्रवेशअर्जात तिच्यासाठी एक रकाना हवा, आणि तो कोरा ठेवणाऱ्या पालकाच्या मुलाकडे परिपाठाच्या रांगेत कोणी वळून पाहू नये, ही जबाबदारी मुख्याध्यापकांची असावी.